शेतजमिनीवर वसाहत मंजूर करताना ‘तेवढीच जमीन दुसरीकडे राखू’ हे उत्तर पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नियोजन समितीपुढे ४० हेक्टर शेतजमिनीवर ६०० घरांच्या वसाहतीचा ले-आऊट मंजुरीसाठी आला आहे. विकासक दुसरीकडची ४० हेक्टर जमीन कायमची शेतीसाठी राखून द्यायला तयार आहे. त्यावरून कार्यालयाच्या टिपणीत ‘शेतजमिनीचे नुकसान भरून निघते’ असं वाक्य आलं आहे. हे वाक्य तुम्हाला खटकलंय, पण बैठकीत नेमकं काय म्हणावं हे सुचत नाही. आणि मंजुरी द्यायचीच ठरली, तर अटी कोणत्या घालाव्यात हेही तुम्ही विचारलंय.

खटकलं ते योग्यच आहे. आज तुमच्याकडे वसाहतीची ४० आणि राखायची ४० अशी ८० हेक्टर शेती आहे. वसाहत झाल्यावर ४० उरणार. राखलेली जमीन कुठून नव्याने आली नाही, ती कालही शेतीच होती. दस्त झाला की उद्या तिच्यावर कुणी घरं बांधू शकणार नाही, एवढीच भर पडते. ही भर लहान नाही, आणि मी स्वतः गेली बावीस वर्षं असे दस्त करून घ्या म्हणून भांडते आहे. पण त्याला ‘भरून निघालं’ म्हणायला माझी तयारी नाही. शब्द चुकला की अटीही चुकतात, म्हणून सुरुवात त्या शब्दापासूनच करते.

या एका शब्दावर कॅलिफोर्नियात न्यायालयांपर्यंत वाद गेला आहे. तिथे शेती संरक्षणाचा करार रुळलेला आहे. जमीन मालकाचीच राहते, तोच कसतो, विकतो, वारसांना देतो. फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तो पैसे घेऊन कायमचा सोडतो, आणि तशी नोंद दस्तात होते. मेंडोसिनो काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) वाळू-खडीच्या खाणीसाठी ४५ एकर उत्तम शेतजमीन जाणार होती. २०१३ साली तिथल्या अपिलीय न्यायालयाने म्हटलं, की असा करार दुसरीकडे करणं हा नुकसान कमी करण्याचा ग्राह्य उपाय आहे आणि काउंटीने तो विचारात न घेताच बाजूला सारणं चूक होतं. २०२० साली कर्न काउंटीतल्या तेल-वायू विहिरींच्या प्रकरणात दुसऱ्या अपिलीय खंडपीठाने जवळजवळ आपलं वरचंच गणित मांडलं: करारामुळे नवी शेतजमीन तयार होत नाही, फार तर करारातली जमीन पुढे जाण्यापासून वाचते. म्हणून गेलेल्या जमिनीचा परिणाम त्याने पुसला जात नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की टिपणीतलं वाक्य कसं बदलायचं ते कळतं. ‘नुकसान भरून निघते’ ऐवजी ‘नुकसान होते आणि ते कायमचे आहे; उरलेल्या शेतीवरचा पुढचा दाब या अटींनी कमी होतो’ असं लिहायला सांगा. फरक नुसता शब्दांचा नाही. पहिल्या वाक्यानंतर समितीसमोर विचार करण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या वाक्यानंतर समितीला उघड सांगावं लागतं, की एवढं कायमचं नुकसान आम्ही का पत्करतो आहोत. घरांची गरज हे त्याचं खरं आणि चांगलं उत्तर असू शकतं. लोकांना घरं हवीच आहेत, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पण मग ते उत्तर लिहून द्यावं, गणितात लपवू नये.

आता टिपणीत जो प्रश्नच नाही तो विचारा: ६०० घरांना ४० हेक्टर कशाला?

हेक्टरी १५ घरं झाली ती. हेक्टरी ३० धरली तर तीच ६०० घरं २० हेक्टरांत बसतात. त्यासाठी टॉवर उभारावे लागत नाहीत, भिंतीला भिंत लागून असलेली दुमजली घरं आणि थोड्या लहान इमारती पुरतात. बाकीचे २० हेक्टर शेतीत राहतात, आणि ते इथेच राहतात, याच मातीत, याच पाण्यावर. दुसरीकडची कुठलीही जमीन त्यांची बरोबरी करणार नाही. फ्रान्समध्ये या क्रमाला कायद्याचाच आधार आहे: आधी टाळा, मग कमी करा, आणि उरेल त्याचीच भरपाई द्या. २०१४ च्या कायद्याने आणि २०१६ च्या आदेशाने तिथे मोठ्या प्रकल्पांना शेतीवरच्या परिणामाचा अभ्यास सक्तीचा झाला. मर्यादा साधारण ५ हेक्टरांची आहे, जिल्ह्याचा प्रशासक ती १ ते १० च्या दरम्यान ठेवू शकतो. त्या अभ्यासात पहिली दोन पावलं काय टाकली ते दाखवावं लागतं. माझा अनुभव असा, की बहुतेक फायली तिसऱ्या पावलापासून सुरू होतात. विकासकाचा वास्तुविशारद नकाशा पक्का करतो, सगळे आकडे त्यावर बसवतो, आणि मग शेतीचं काय ते विचारायला आमच्याकडे येतो. तोवर टाळायला काही शिल्लक नसतं.

म्हणून पहिली अट मंजुरीच्या आधीची आहे. कमी जमिनीतला एक पर्यायी ले-आऊट त्यांच्याकडूनच काढून घ्या आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावून बघा. जमिनीच्या प्रतवारीचा नकाशाही त्याखाली ठेवा. ४० हेक्टरांचा एखादा तुकडा एकसारखा क्वचितच असतो. एका कोपऱ्यात उथळ, मुरमाड पट्टा निघतो आणि दुसरीकडे मीटरभर खोल माती. घरं मुरमावर सरकवता आली तर अर्धं काम तिथेच झालं.

त्यानंतर गुणोत्तर. ‘एकास एक’ कानाला न्याय्य वाटतं. पण ते फक्त या प्रकल्पाला लावू नका, पुढच्या पन्नास वर्षांना लावून बघा. प्रत्येक मंजुरीला एक हेक्टर जाणार आणि एक राखला जाणार. हे शेवटापर्यंत चाललं तर गावाभोवतालची निम्मी शेती गेलेली असेल आणि निम्मी राखलेली. ‘एकास दोन’ ठेवलं तर एक तृतीयांश जाते, ‘एकास तीन’ ठेवलं तर पाव. म्हणजे गुणोत्तर ठरवणं हे शेवटी किती शेती शिल्लक ठेवायची ते ठरवणं आहे, आणि हा निर्णय एका विकासकाशी घासाघीस करताना घ्यायचा नसतो. तो आधी धोरण म्हणून घ्यायचा, सगळ्यांना सारखा.

कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस या शहराने १९९५ मध्ये शेती संरक्षणाचा ठराव केला तेव्हा सुरुवात एकास एकने केली आणि पुढे ते एकास दोनवर नेलं. ज्या योलो काउंटीत हे शहर आहे, तिथे उत्तम प्रतीच्या जमिनीसाठी एकास तीन आणि बाकीच्या शेतजमिनीसाठी एकास दोन आहे. स्टॅनिस्लॉस काउंटीने घरबांधणीसाठी जाणाऱ्या शेतजमिनीला एकास एकची अट घातली. बांधकाम व्यावसायिकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि २०१० मध्ये अपिलीय न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. अट आणि नुकसान यांचा वाजवी संबंध आहे, असं न्यायालयाला पटलं. मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती अमेरिकेतल्याच व्हर्मॉन्ट राज्याची पद्धत. १९७० च्या ‘अॅक्ट २५०’ नुसार तिथे उत्तम शेतमातीवर बांधायचं तर मातीच्या प्रतीप्रमाणे दुप्पट ते तिप्पट भरपाई लागते, पण गावठाणालगत वाढीसाठी आखून दिलेल्या भागात एकास एकच. एकाच आकड्याने दोन कामं होतात: शेती गेली तर किंमत द्यावी लागते, आणि घरं कुठे यावीत तेही विकासकाला न सांगता कळतं. तुमच्याकडे असं धोरण नसेल, तर या प्रकरणात एकास दोन मागा आणि धोरणाचा ठराव वेगळा मांडा.

गुणोत्तराहूनही जास्त फसगत होते ती जमिनीच्या निवडीत. इथे एक प्रसंग सांगते.

एका प्रस्तावात विकासकाने देऊ केलेली जमीन कागदावर चोख होती. प्रतवारी तीच, क्षेत्र दोन हेक्टर जास्तच. मी गेले तेव्हा पीक निघून गेलं होतं आणि शेत मोकळं होतं. सोबतच्या माणसाला पहिला खड्डा विहिरीजवळ घ्यायचा होता, मी दूरच्या बांधाजवळ घ्यायला लावला. एक हात खोल गेलो आणि पहार खणकन वाजली. खाली चुनखडीचा सलग थर, पाटासारखा. मुळं त्याच्यावर आडवी पसरलेली, एकही खाली उतरलेलं नाही. दुसरा खड्डा, तिसरा खड्डा, तेच. मग विहिरीचं पाणी मीटरवर तपासलं तर क्षार इतके की भाजीपाला टिकणार नाही. मालकाने काही लपवलं नव्हतं. त्याने सरळ सांगितलं, की इथे पावसावरचं एक पीक येतं, पाणी तो जनावरांनाही फारसं देत नाही. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जी जमीन घरांखाली जाणार होती, तिच्यावर वर्षाला तीन पिकं निघत होती.

म्हणून एकरांवर मोजू नका. जी जाते तिची आणि जी राखली जाते तिची, दोन्हींची मोजणी एकाच कसोटीने व्हायला हवी: मातीची खोली, पोत, निचरा, उतार, पाण्याचा हक्क आणि त्याची खात्री, पाण्याची प्रत, वर्षातली पिकं. यासाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही. अमेरिकेच्या मृद संधारण खात्याने १९८१ मध्येच जमीन आणि जागा या दोन्हींना गुण देणारी पद्धत मांडली. तिच्यात मातीचे गुण वेगळे आणि शेताचा आकार, आजूबाजूचा वापर, पाणी यांचे वेगळे असतात. इंग्लंडमध्ये शेतजमिनीची पाच प्रतींत वर्गवारी आहे, आणि वरच्या अडीच प्रती, म्हणजे १, २ आणि ३अ, ‘उत्तम आणि बहुउपयोगी’ म्हणून वेगळ्या काढतात. कुठलीही एक पद्धत घ्या, पण दोन्ही जमिनींना तीच लावा आणि खड्डे विकासकाच्या नव्हे, तुमच्या माणसाने ठरवलेल्या जागी घ्या. खर्च विकासकाचा, नेमणूक तुमची.

‘मग नवीनच शेतजमीन तयार करायला लावू’ असं समितीत कुणीतरी म्हणेल. हा मार्ग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर चीनने चालवून पाहिला आहे. १९९८ मध्ये सुधारलेल्या जमीन कायद्यानुसार तिथे जितकी लागवडीची जमीन बांधकामाला जाईल तितकी नव्याने लागवडीखाली आणावी लागते, आणि देशभरात १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ही खालची रेषा धरली आहे. आकडा सांभाळला गेला, पण शहरांच्या कडेची सपाट, ओलिताची जमीन गेली आणि तिच्या बदल्यात डोंगरउतार, कोरडी माळरानं, खारपट किनारे नांगराखाली आले, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होत राहिली. चांगली घेऊन वाईट दिली, अशा अर्थाचा शब्दप्रयोगच त्यांच्या धोरणचर्चेत रूढ झाला, आणि नंतर संख्येबरोबर प्रत आणि पर्यावरण यांचीही भरपाई मागणारे नियम आले. शिवाय जी ‘पडीक’ म्हणून नांगरली ती खरोखर रिकामी होती का, हा प्रश्न राहतोच. गवताळ माळ आणि पाणथळ जागा मोडून शेती केली, तर एक नुकसान झाकायला दुसरं केलं.

भारताच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं कलम १० पाहा, त्यात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी दिसतात. बहुपिकी ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची. घेतलीच तर तेवढीच लागवडयोग्य पडीक जमीन शेतीसाठी विकसित करायची, किंवा घेतलेल्या जमिनीच्या किमतीएवढी रक्कम शासनाकडे भरायची, जी अन्नसुरक्षेसाठी शेतीत गुंतवायची. विचार उत्तम आहे. पण हे कलम संपादनाला लागतं, रेल्वे-रस्त्यांसारख्या रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे, आणि मालकाने स्वखुशीने विकलेल्या शेतावर खासगी ले-आऊट पडतो तेव्हा ते मध्ये येतच नाही. शहरांच्या कडेची शेती बहुतेक याच वाटेने जाते. म्हणून तिथे मंजुरी देणाऱ्याच्या अटी हाच एकमेव बांध उरतो.

आणि ती ‘किंवा’. जमिनीऐवजी पैसे भरण्याची मुभा जवळपास प्रत्येक योजनेत असते, आणि माझ्या मते भरपाई गळते ती इथेच. समजा आज ४० हेक्टरांचे हक्क विकत घेता येतील एवढी रक्कम भरून घेतली. योग्य विक्रेता मिळेपर्यंत, बोलणी, मोजणी, दस्त होईपर्यंत सहा वर्षं गेली, आणि तोवर जमिनीचे भाव वर्षाला आठ टक्क्यांनी चढत राहिले. त्याच रकमेत आता साधारण २५ हेक्टर येतात. शहराच्या वेशीवर भाव याहून वेगाने चढतात, कारण खुद्द ही वसाहतच ते चढवते. म्हणून पैसे घ्यायचेच तर फक्त लहान प्रकल्पांकडून, दर दरवर्षी नव्या मूल्यांकनाने, आणि खर्च करायची मुदत घालून. ४० हेक्टरांच्या प्रकल्पाला ही मुभा अजिबात देऊ नका. जमीन शोधण्याची दगदग ज्याला नफा आहे त्याने करावी.

फ्रान्समधली भरपाई मात्र पैशाची असूनही वेगळ्या अर्थाने विचार करण्यासारखी आहे. तिथे ती मालकाला मिळत नाही, त्या भागातल्या सामाईक शेती अर्थव्यवस्थेला मिळते: सिंचनाची सोय, साठवणूक, प्रक्रिया, एकत्र विक्री अशा कामांना. शेत गेलं की मालकाला पैसे मिळतात, पण ज्याने ते खंडाने कसलं त्याचं काय, जिथे त्याचा माल जायचा त्या गिरणीचं काय? ठरावीक क्षेत्राच्या खाली गेलं की यंत्र दुरुस्त करणारा, बियाणं विकणारा, माल उचलणारा असे एकेक करून बंद होतात, आणि मग राखलेली जमीनही कसणं परवडत नाही. जमीन राखण्याच्या अटीला हा पर्याय नाही, पण जोड म्हणून मी तो नेहमी सुचवते. निदान खंडकऱ्याला हंगाम संपेपर्यंत उभं पीक काढू द्या, एवढी अट तर कुठल्याही समितीला घालता येते.

राखायची जमीन कुठे असावी? विकासक साहजिकच स्वस्त, दूरची जमीन शोधतो. तिथे घरं बांधायला शंभर वर्षांत कुणी जाणार नसतं, म्हणून तिथला बांधकामाचा हक्क स्वस्त असतो, आणि म्हणूनच तो विकत घेऊन काही वाचत नाही. धोक्यात नसलेल्या जमिनीला कुंपण घालण्यात अर्थ नाही. जमीन त्याच पाणलोटात, त्याच वाढीच्या दिशेला हवी. डेव्हिसमध्ये नव्या वसाहतीच्या लगतच्या शेतजमिनीला प्राधान्य आहे, त्यामुळे वसाहतीच्या पलीकडे लगेच पुढची वसाहत येत नाही. तुकड्यांपेक्षा सलग पट्टा घ्या, आधी राखलेल्या जमिनीला लागून मिळाला तर सोनं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट टिपणीत हमखास सुटते. वसाहत फक्त स्वतःखालची जमीन घेत नाही. फवारणीचा वास, रात्रीचं मळणी यंत्र, शेणखत, धूळ यांच्या तक्रारी सुरू झाल्या की शेजारच्या शेतकऱ्याला हद्दीजवळची कडा सोडावीच लागते. डेव्हिसने वसाहत आणि शेत यांच्यामध्ये किमान १५० फुटांचा मोकळा पट्टा सक्तीचा केला आहे, म्हणजे साधारण ४५ मीटर. आता तुमचं गणित करा. ४० हेक्टरांचा चौरस धरला तर एक बाजू सुमारे ६३० मीटर. तीन बाजूंना शेती असेल तर जवळपास १९०० मीटर हद्द, गुणिले ४५, म्हणजे साडेआठ हेक्टर. हा पट्टा वसाहतीच्या आत धरला नाही, तर तो शेजाऱ्यांच्या शेतातून जाणार आणि तुमचं खरं नुकसान ४० नसून ४८ हेक्टरांच्या पुढे असणार. पट्टा विकासकाच्या जमिनीतून घ्या. त्यात झाडं, पावसाच्या पाण्याचा चर, पायवाट काय हवं ते करू द्या. आणि घर विकताना खरेदीदाराच्या सहीने लिहून घ्या, की शेजारी शेती चालते आणि तिचा आवाज, वास, धूळ येणार. तक्रारी थांबत नाहीत, पण शेतकऱ्याच्या हातात कागद राहतो.

करारनाम्याच्या मसुद्यावर तुमच्या वकिलाने सावकाश बसावं. ‘बांधकाम करणार नाही’ एवढं लिहिलं म्हणजे शेती होईल असं नाही. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून विकता येणार नाही, हे कलम नसेल तर दहा वर्षांनी तुमच्याकडे कोरडं रान उरेल. शेतघर किती मोठं असावं याला मर्यादा नसेल तर त्यावर बंगला होतो, जमिनीची किंमत बंगलेवाल्याला परवडेल अशी होते, आणि शेतकरी तिथे पुन्हा कधी येऊ शकत नाही. माती उचलून विकायला बंदी हवी. आणि एकच हेक्टर दोनदा मोजला जातोय का ते बघा. पक्ष्यांच्या अधिवासाच्या भरपाईसाठी आधीच राखलेली जमीन शेतीच्या भरपाईत पुन्हा दाखवण्याचा मोह होतो. कॅलिफोर्नियात स्वेनसन्स हॉक या शिकारी पक्ष्यासाठी राखलेल्या शेतांवर फळबागा आणि द्राक्षबागा लावता येत नाहीत, कारण त्याला शिकारीला मोकळं, बुटक्या पिकाचं रान लागतं. पक्ष्यासाठी ते बरोबर आहे, पण ज्या शेतावर पिकाची निवड कायमची बांधली गेली ते बागायतीची पूर्ण भरपाई होऊ शकत नाही.

करार कुणाच्या ताब्यात द्यायचा हेही आधीच ठरवा. पाहणी करणारी संस्था लागते, वर्षातून एकदा तरी जाऊन बघणारी, आणि तिला त्यासाठी कायमचा निधी लागतो. तो निधी विकासकाने एकरकमी भरायचा. हे केलं नाही की तीस वर्षांनी मालक बदलतो, कुणालाच दस्त आठवत नाही, आणि एक गोदाम उभं राहतं.

आता मातीबद्दल, कारण ती शब्दशः पायाखालून जाते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वरचा ३० सेंटिमीटरचा थर धरला तर ४० हेक्टरांवर १ लाख २० हजार घनमीटर माती आहे. १० घनमीटरच्या ट्रकच्या १२ हजार फेऱ्या. ती बनायला हजारो वर्षं गेलेली असतात आणि बहुतेक ठिकाणी ती भराव म्हणून रस्त्याखाली जाते. चीनच्या कायद्यात ही वरची माती काढून हलक्या जमिनीच्या सुधारणेला वापरायला लावण्याची तरतूद आहे, आणि स्वित्झर्लंडमध्येही, जिथे १९९२ पासून सुमारे ४ लाख ३८ हजार हेक्टर उत्तम पीकजमीन राखण्याचं बंधन कॅन्टनांमध्ये, म्हणजे तिथल्या प्रांतांमध्ये, वाटून दिलेलं आहे, अशी माती खराब झालेल्या जमिनी दुरुस्त करायला वापरतात.

पण काढायची पद्धत चुकली तर ती माती राहत नाही. वरचा थर आणि खालचा थर वेगळे काढायचे, वेगळे ठेवायचे. ढीग दोन-तीन मीटरांपेक्षा उंच नको, नाहीतर पोटातली माती हवेविना कुजट होते. ढिगावर यंत्र चढवायचं नाही, गवत किंवा द्विदल पेरून ठेवायचं. आणि ओली असताना हात लावायचा नाही. मी मुकादमाला एकच चाचणी शिकवते: मूठभर माती घे, तळहातावर वळ, पेन्सिलीपेक्षा बारीक, तीन मिलिमीटरची वात न तुटता वळली तर आज यंत्र बंद. वात तुटून भुगा झाला तर काम सुरू. एकदा भर पावसाळ्यात काढलेल्या मातीचा ढीग मी वर्षाने फोडला. आत विटेसारखी ढेकळं होती, निळसर, घाण वासाची, एक गांडूळ नाही. ती ज्या शेतात पसरायची होती त्या शेतकऱ्याने ती घ्यायला नकार दिला, आणि तो बरोबर होता. म्हणून माती कुठे जाणार, कुठल्या महिन्यांत काढणार आणि घेणारा कोण, हे मंजुरीच्या कागदातच लिहा. घेणाऱ्याची संमती सोबत जोडा.

शेवटी वेळ. ‘प्रकल्प पूर्ण होण्यापूर्वी भरपाईची पूर्तता करावी’ अशी अट दिसली तर ती खोडा. घरं विकली जातात, कंपनी बदलते, आणि पूर्ततेसाठी मुदतवाढीचे अर्ज येत राहतात. करार नोंदवून त्याची प्रत तुमच्या कार्यालयात जमा झाल्याशिवाय अंतिम ले-आऊटवर सही नाही, आणि मातीच्या आराखड्याला मान्यता मिळाल्याशिवाय पहिलं यंत्र शेतात उतरणार नाही, असं लिहा. टप्प्याटप्प्याने वसाहत होणार असेल तर प्रत्येक टप्प्याची जमीन त्या टप्प्याच्या आधी.

तुमची बैठक जवळ आली आहे असं दिसतं. सगळं एका बैठकीत होणार नसेल तर तीनच गोष्टी धरा: टिपणीतलं ते वाक्य बदलून घ्या, कमी जमिनीतला दुसरा नकाशा मागा, आणि देऊ केलेल्या ४० हेक्टरांवर तुम्ही सांगाल तिथे सहा खड्डे घेईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत ठेवा. खड्डे घेताना स्वतः जा. मीटरभर खोल घ्या, आणि जी जमीन जाणार आहे तिथेही त्याच दिवशी एक घ्या, म्हणजे दोन्ही माती ओलावा असताना हातात येतील.